सहलेखिकेची सही

बॅगेतला फॉर्म बाहेर काढायच्या आधी शास्त्रज्ञसाहेबांनी दोनदा पाणी मागून घेतलं. घसा काही कोरडा पडला नव्हता. पण विभागप्रमुखपदाच्या अर्जावर जुन्या सहकारिणीची सही हवी होती, आणि उद्या शेवटची तारीख होती.

"बरं झालं तूच घरी आलास," दुसरा ग्लास पुढे करत ती म्हणाली. "मी तुला फोन करणारच होते."

खिडकीपाशी तिचे सासरे पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हेच का गं ते, ज्यांचे आकडे तू पुसून पुन्हा मांडायचीस?"

"बाबा, काहीतरीच काय तुमचं!" ती हसली. तोही हसला, जरा जास्तच मोठ्यानं.

"मलाही तुझी सही हवीय," ती म्हणाली. "नऊ वर्षं घरात काढली, आता कॉलेजात एक जागा निघालीय. अट एवढीच, एका तरी शोधनिबंधात निदान चाळीस टक्के वाटा हवा. माझा तर सगळा मिळून एकच. आपला शेवाळाचा." तिनं आपला फॉर्म पुढे सरकवला. "मी निम्मं-निम्मं लिहिलंय. चालेल ना?"

चालेल म्हणजे काय! प्रयोगातलं शेवाळ मरतंय ते कपाटातल्या दिव्यामुळे, हे तिनंच ओळखलं होतं. तो तेव्हा महिनाभर नुसता पाणी बदलत बसला होता. निम्मं म्हणजे तिनं त्याला पदरचंच दिलं होतं की. त्यानं झटकन सही ठोकली. तेवढंच जरा बरं वाटलं.

"आता तुझा दे."

"अगं, वाचत काय बसतेस. शेवटच्या पानावर फक्त सही."

"दे की रे. एवढा मोठा माणूस झालास, बघू तरी दे काय काय केलंस ते."

पहिल्याच पानावर 'माझी वाटचाल आणि सहकार्य' असं टिपण होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. "'संशोधन कधीच एकट्याचं नसतं.' वा! छान लिहिलंयस." मग पान उलटलं. शोधनिबंधांच्या तक्त्यात शेवाळ तिसऱ्या ओळीत होतं. अर्जदाराचा वाटा, पंच्याऐंशी टक्के. सहलेखिकेचा, पंधरा.

तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्याचे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण बोलला मात्र भलतंच.

"अगं, सगळेच असं लिहितात. या पदाला तीन निबंधांत ऐंशीची अटच आहे. आणि तू मध्येच सोडलंस, पुढचं सगळं मलाच... म्हणजे, तसं नाही..."

"कळलं," ती म्हणाली आणि सही केली.

चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतले असते आणि सुटला असता. पण ती टेबलाच्या खणात पट्टी शोधत होती. पट्टी सापडली. तिनं आपला फॉर्म ओढून घेतला, पन्नासवर एक सरळ रेघ मारली आणि वर पंधरा लिहिलं.

"हे काय करतेस? तुला चाळीस लागतात ना?"

"एकाच निबंधाचे दोन-दोन आकडे कसे चालतील? दोन्ही फॉर्म कुणी शेजारी ठेवून पाहिले, तर तुझं हातातोंडाशी आलेलं पद जाईल. माझं काय, मला अजून मिळालंय कुठं?"

माझा फाड. एवढंच त्याला म्हणायचं होतं, दोन शब्द. ते जिभेवर आलेही होते. त्यानं आपला फॉर्म हळूच उचलला आणि बॅगेत ठेवला. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी बॅगेची चेन त्यानं नीट शेवटपर्यंत लावली.

तिनं आपला फॉर्म पुन्हा त्याच्यासमोर ठेवला.

"आता काय?"

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते," ती म्हणाली. "पन्नासचे पंधरा झाले, ते तुला मान्य आहेत म्हणून. कर."

त्यानं पेन उचललं. सही अगदी नेहमीसारखी आली.