लाल रबर

"यातली मासळीची पिशवी कुठली?" मी आईला विचारलं, तर म्हणते कशी, "आता धुतल्या ना, सगळ्या सारख्याच."

अगं, मी रडायचीच बाकी होते. वहिनीला सातवा महिना, डॉक्टरांनी बजावलेलं की कच्च्या मासळीचा हात तिच्या खाण्याला लागायला नको. म्हणून मीच ठरवलं होतं, की फळं-भाज्यांच्या झिपच्या पिशव्या धुऊन, नीट वाळवून परत वापरायच्या, पण बांगडा-कोळंबीच्या पिशवीला लाल रबर लावायचं आणि ती रिकामी झाली की थेट कचऱ्यात. आईला परत परत सांगितलं होतं.

आणि आईने काय केलं, तर चांगली रबरं वाया जातील म्हणून ती काढून दाराच्या कडीला अडकवली, पिशव्या साबणाने धुऊन पळ्या-झाऱ्यांवर उलट्या वाळत घातल्या, आणि त्यातल्याच एकीत वहिनीचे डाळिंबाचे दाणे भरायला घेतले.

"आई, वास गेला म्हणजे जंतू गेले असं नसतं गं."

"तुम्ही दोघं असंच खाऊन वाढलात. काही झालं का?"

मी दाणे स्टीलच्या डब्यात ओतले आणि सगळ्या पिशव्या कचऱ्यात कोंबल्या. आई तोंड फिरवून बसली.

संध्याकाळी बघते तर कचऱ्यातून पिशव्या गायब. माझं डोकंच फिरलं.

"आई, परत काढल्यास?"

"टाकायच्याच आहेत ना, मग रिकाम्या कशाला टाकायच्या?"

दाराबाहेर पिशव्या ओळीने ठेवलेल्या. प्रत्येकीत कोळंबीची सालं नि चहाचा चोथा गच्च भरलेला, आणि प्रत्येकीच्या गळ्याला लाल रबर.