पडदानशीन होडी

होडीच्या मागच्या भागात चार बांबू रोवून पडदा बांधून झाला, तेव्हा चांदपाशा नोकरानं पाठ फिरवली आणि फहमिदा बाळाला घेऊन आत जाऊन बसली. आत सतरंजी होती, लोड होता, पानाचा डबा होता. तळं तेवढं नव्हतं. ते पडद्यापलीकडं होतं.

"तळ्याची हवा खाऊ द्या, मन मोकळं होईल," असं हकीमसाहेब म्हणाले होते. बाळंत झाल्यापासून फहमिदा जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची, बाळ हातात दिलं की धरायची. रडत नव्हती, कुरकुरत नव्हती, त्यामुळे तिला समजावायचं तरी काय, हे घरात कुणाला उमगत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, गयासमियांनी, हवा खायला थेट मुंबईहून शिडाची होडीच मागवली. आबकारीतले मोहतमीम, म्हणजे मोठे अंमलदार ते. अर्धवट काही करायचे नाहीत. मुंबईच्या बंदरावर उभं राहून त्यांनी शिडाच्या होड्या पाहिल्या होत्या, तेवढीच त्यांची तालीम. पडद्याला जागा होईना, म्हणून सुकाणू काढून काठावर ठेवलं होतं.

शीड भरलं. होडी निघाली.

"देखा बेगम? हवा हुकूम मानती है!" शिडापाशी बसलेले गयासमियां म्हणाले.

"जी," फहमिदा आतून म्हणाली.

मग होडी वळली. आणखी वळली. शीड म्हणे दिल्ली दरवाजाकडं, पडदा म्हणे हिमायतबागेकडं; होडी बिचारी दोघांच्या मधे जात्यासारखी फिरू लागली. काठावरचे धोबी धुणं टाकून उभे राहिले.

"मोहतमीमसाब, किधर कू निकले?"

"और किधर? होडी कू मायके की याद आई. बंबई कू जा रई!" दुसऱ्या धोब्यानंच उत्तर दिलं.

काठभर हशा पिकला. गयासमियांनी शहाणपणा केला, शीड उतरवून टाकलं. होडी थांबली नाही. गोल फिरायची सोडून ती आता सरळ निघाली, ती नेमकी सांडव्याकडं. पावसाळा नुकता सरलेला, तळं तुडुंब. सांडव्याच्या भिंतीवरून पाणी पलीकडं धो धो कोसळत होतं.

मडकी बांधून केलेल्या ताफ्यावर बसून शिंगाडे तोडणारी द्वारकाबाई इतका वेळ पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं पदर काढला.

"ओ साहेब! त्ये कशाला उतरवलं? खरं शीड तर मागं बांधलंय तुमी! त्यो पडदा सोडा, त्योच वढून न्यायलाय तुमाला!"

"आत घरची माणसं आहेत आमच्या!" गयासमियां ओरडले.

"म्हनून तर सोडा म्हनते! सांडव्याखाली गेल्यावर कुनाचा पडदा अन् कुनाचं काय!"

गयासमियांचा हात गाठीवर गेला. काठावर अख्खी धोबीआळी उभी होती. हात गाठीवरच राहिला.

फहमिदाला आत सगळं ऐकू येत होतं, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं. पाण्याचा आवाज वाढतोय, हे तिला कळलं. आता भीती वाटायला हवी, हेही कळलं. ती वाट पाहत बसली. भीती आली नाही.

मांडीवर बाळ जागं होतं. गालाला लागलेला पडद्याचा काठ त्याला सापडला होता आणि बाळ तो चोखत होतं. वारा आला, पडदा फुगला, काठ तोंडातून निसटला. बाळ रडलं नाही. तोंड उघडं ठेवून मान इकडं तिकडं करत नुसतं शोधत राहिलं.

फहमिदानं त्याला एका हातावर घेतलं. दुसरा हात गाठीपर्यंत पुरेना, तेव्हा तिनं गाठ दातांनी ओढली. एक सुटली. मग दुसरी. पडदा पाण्यात पडला, ओला होऊन मागं लोंबला, आणि होडी बसल्या म्हशीसारखी जागच्या जागी थांबली.

काठावरचं हसणं तुटलं. धोब्यांनी, भिश्त्यानं, चांदपाशानं, सगळ्यांनी पाठ फिरवली. तळ्याच्या काठाला नुसत्या पाठीच पाठी.

"चांदपाशा, रस्सी फेंक!"

चांदपाशानं पाठमोऱ्यानंच दोर भिरकावला. तो एका धोब्याच्या गळ्यात पडला.

"अरे, इधर देख के फेंक!"

"कैसा देखूं साब? बेगमसाब बैठे ना!"

शेवटी द्वारकाबाईच ताफा वल्हवत आली. पडद्याचं ओलं टोक मुठीत धरून ती होडी काठाकडं ओढू लागली. ओढता ओढता तिनं फहमिदाकडं पाहिलं, मग बाळाकडं पाहिलं.

"पोरगा हाय?"

फहमिदानं बाळाला या हातावरून त्या हातावर घेतलं.

"बरं, ऱ्हाऊ द्या. घर कंचं तुमचं त्यातलं?" द्वारकाबाईनं शहराच्या तटावरून डोकावणाऱ्या माड्यांकडं हनुवटी केली.

फहमिदानं वर पाहिलं. लग्न होऊन ती डोलीतून उतरली, ती थेट अंगणात. त्या घराची भिंत न् भिंत तिला ठाऊक होती, आतून. इथून सगळ्या गच्च्या सारख्या दिसत होत्या, सगळे सज्जे सारखे. तिला सांगता येईना. गयासमियांनी दाखवायला हात उचलला.

तेवढ्यात तिला एका गच्चीवर दोरी दिसली. दोरीवर ओळीनं लहान लहान पांढरं काहीतरी, वाऱ्यानं एकाच बाजूला उडत होतं.

"ते," ती म्हणाली. "लंगोट वाळतायत, ते."