ला पाझहून तीन तास

"ला पाझहून इथं साओ पाउलोला यायला विमानाला किती वेळ लागतो?" सेवेरीनाने विचारलं.

ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरमागच्या माणसाने जांभई आवरली. "थेट असलं तर तीन तास. तेवीसशे-चोवीसशे किलोमीटर आहे. तिकीट कोणाच्या नावे?"

"तिकीट नको. वेळ तेवढा सांगा."

"बिनतिकिटाचं विमान अजून निघालं नाही, ताई! आणि हो, तिकडचं घड्याळ तासभर मागे असतं."

तिने बोटांवर हिशेब केला. इथं बाराला पोचायचं, तर तिकडून आठला निघायला हवं. म्हणजे इथल्या नऊला. आत्ता साडेआठ झाले होते. ती जवळजवळ पळतच घरी आली.

आज एक नोव्हेंबर, दुपारी बारापासून त्यांचा सण. शिवणकामाच्या कारखान्यातून तिने सुट्टी घेतली होती. पहाटेच उठून जांभळ्या मक्याचं आपी, म्हणजे दाटसर गोड पेय, शिजवलं होतं, बुन्युएलोच्या फुगीर पुऱ्या तळल्या होत्या. ग्रोव्हरने, तिच्या नवऱ्याने, पावाची बाहुली भाजून आणली होती. तिचे गाल लाल रंगवलेले.

"एवढं कोण खाणार?" तो म्हणाला.

"नायरा खाईल. सहा वर्षांची पोर, वाटेत भूक लागणारच."

दोन वर्षांच्या नायराला आजीकडे ठेवून दोघं इथं आले होते. कागद झाले की तिला आणू, पुढच्या वर्षी नक्की, असं करत चार वर्षं गेली. यंदा कागदांची अडचण नव्हती.

नऊ वाजता तिने सासूला फोन लावला. "आई, तिला आता निघू द्या."

"मीही पहाटेपासून चुलीपुढंच आहे गं. तिला माझ्या हातचं लागतं."

"उद्या दुपारपर्यंतच तर असणार ती! एवढा एक दिवस मला द्या ना."

"मी का तिला बांधून ठेवलंय?" म्हातारीचा आवाज चिरकला. "यायचं कुठं, ते तीच ठरवणार."

सेवेरीनाने टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. दार सताड उघडलं.

"घर सापडेल तिला?" ग्रोव्हरने हळूच विचारलं. "तिने कधी पाहिलेलं नाही."

"मी पत्ता सांगितलाय."

"कधी?"

"रोज सांगते. भाजीवाल्याच्या वरचा मजला, निळं दार."

बारा वाजले. जिन्यात पावलं वाजली. ती उठली, पण पावलं तशीच वरच्या मजल्यावर गेली.

"तिकडं अजून अकराच वाजलेत," ग्रोव्हर म्हणाला. "बस जरा. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."

"ती आल्यावर खाईन."

साडेबारा. पावणेएक. आपीवर साय धरली. तिने ती चमच्याने काढली, थोड्या वेळाने पुन्हा काढली. रस्त्यावर एखादं लहान मूल हसलं की तिची मान दाराकडे वळायची. ग्रोव्हर तिच्याकडे न बघता टेबलक्लॉथची घडी सारखी करत राहिला.

एकच्या ठोक्याला फोन वाजला.

"आली गं," सासू म्हणाली. "माझ्याकडेच आली."

सेवेरीना उघड्या दाराकडे वळली. "आई, तिला सांगा, आई दार उघडं ठेवून बसलीय. तीन तासांची तर वाट! मी चौकशी करून आलेय."

पलीकडे सासूने चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"वेडे, आजच्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात खरी, पण लेकरू जिथं पुरलं, तिथंच परत येतं गं."