आता ते काही विचारणार नाही

"उत्तरं आधीच लिहून ठेवलीत, वहिनी. आता ते काही विचारणार नाही," भावजी म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप वहिनींकडे वळवला.

वहिनींनी चष्मा नीट केला. पडद्यावर नव्या कॉम्प्युटरसाठीच्या साध्या ओळी होत्या. भाषा कोणती, घड्याळ कुठल्या वेळेवर, मशीनचं नाव काय, पूर्वीचं सगळं पुसू का. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर तयार. शेवटच्या प्रश्नापुढे 'हो' होतं.

"न विचारता पुसतं?"

"कोरं मशीन आहे, त्यात पुसायला आहे काय? वीज आली की आपल्याकडचं कुठलंही मशीन आधी वायरीकडे बघतं, आपल्यासाठी काही काम आहे का म्हणून. वायरीच्या या टोकाला ही फाइल बसलीय. फाइल सांगते, मशीन करतं, आणि आपण चहा पितो."

वहिनींना हसू आलं. त्यांचे यजमान, म्हणजे भावजींचे दादा, हेच काम करायचे तेव्हा दिवसभर मशीनपुढे ठाण मांडून बसायचे. मशीन नव्या शेजारणीसारखं एकेक चौकशी करायचं आणि दादा एकेक उत्तर द्यायचे. ते जरा उठले, की नेमकं तेव्हाच काहीतरी विचारून अडून बसायचं. वहिनींनी आतून जेवायला किती हाका मारल्या असतील, त्याला गणती नव्हती.

बोलकं ग्रंथालय दादांनीच उभं केलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ठेवायची आणि कुणी फोन केला की हवं ते पुस्तक ऐकवायचं. वीज जाऊन आली तरी मशीन आपलं आपण उठून कामाला लागेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

बहुतेक पुस्तकं दादांच्या आवाजात होती. दादा गेले, पण रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी ते वाचत असायचे. दुपारची कामं आटोपली की वहिनीही एखादं पुस्तक लावून बसायच्या. गोष्टीकडे त्यांचं लक्ष नसायचं. पान उलटताना दादा हलकेच खाकरायचे, त्याची त्या वाट बघायच्या.

हे सारं मागच्या खोलीतल्या एकाच जुन्या मशीनमध्ये होतं. दुसरी प्रत नव्हती, कारण ठेवायला जागाच नव्हती. मशीन आता थकलं होतं, मधेच कण्हल्यासारखा आवाज करायचं. म्हणून देणगीदारांच्या मागे लागून वहिनींनी नवं मिळवलं. आज ते उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं त्यात उतरवायची, असं ठरलं होतं. त्यासाठी जुनंही त्याच वायरीला जोडून ठेवलं होतं.

सकाळी भावजींनी मुख्य बटण बंद करून दोन्ही मशीनं नव्या फळीवर शेजारी शेजारी मांडली होती, प्लग खोचून ठेवले होते. नव्याचं नाव त्यांनी फाइलमध्ये 'धाकटी' असं लिहिलं होतं.

"बटण तुम्ही दाबायचं," ते म्हणाले. "उद्घाटन तुमच्या हस्ते. मी इथून बघतो."

वहिनी लगबगीनं मागच्या खोलीत गेल्या. बटणाकडे हात गेला आणि त्यांना आठवलं, मशीनला उकडतं म्हणून दादा नेहमी पंखा लावायचे. पंखा कोपऱ्यात होता, पण बोर्डावर जागा नव्हती. जुन्या मशीनच्या प्लगला दादांनी लाल पट्टी चिकटवली होती. त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी मनाशी दोनदा म्हटलं. मग शेजारचा एक काळा प्लग प्रिंटरचा म्हणून काढला, तिथे पंख्याचा खोचला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. फळीवरून घरघर सुरू झाली.

"आलं, आलं," बाहेरून भावजी ओरडले. "वहिनी, या लवकर."

पडद्यावर ओळी धावत होत्या. भाषा, घड्याळ, नाव, सगळं सटासट मागे पडत होतं. कुठेही अडणं नाही, विचारणं नाही. भावजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, जणू चुकून बोट लागलं तर पाप लागेल.

पुसण्याच्या ओळीवर मात्र ते बराच वेळ थांबलं.

"कोऱ्या पाटीवर एवढं काय पुसतंय कोण जाणे," भावजी म्हणाले.

"माझ्यावर गेलंय. स्वच्छ भांडं पुन्हा घासल्याशिवाय चैन पडत नाही."

चहा झाला. दुसरा झाला. मग ओळी पुन्हा पळू लागल्या आणि शेवटी पडद्यावर उमटलं, 'धाकटी तयार आहे.'

भावजींनी टाळी वाजवली. वहिनींचे डोळे भरून आले. दादा असते तर आज गरम जेवले असते, असं त्या म्हणाल्या आणि दोघंही हसले.

"आत जाऊन हात तर लावून बघा," भावजी म्हणाले. "एवढं राबलंय, चांगलं तापलं असेल."

वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेल्या. पंखा फिरत होता. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता. काळा प्लग जमिनीवर तसाच पडला होता.

"गरम आहे ना?" बाहेरून भावजींनी विचारलं.

वहिनींचा हात नव्या मशीनवर होता. ते थंडगार होतं.