पंपावरचं प्लास्टिक

खाणीच्या तळाशी दिवसभर पाणी ठिबकायचं. तिथं स्टीलचा नवा पंप बसला, तरी लांजेवार फोरमन त्याच्यावरचं प्लास्टिक काढू देईना. "ओल लागली तं गंजन ना बे."

नव्या सोफ्यासारखा झाकलेला तो पंप बघून ट्रॉली ढकलणाऱ्या झिबलला संताप यायचा. एक दिवस त्यानं वीतभर प्लास्टिक टरकन फाडलं. "ज्यानं फाडलं त्याले घरीच बसवतो," फोरमन गरजला. झिबलनं मान खाली घालून ट्रॉली पुढं ढकलली.

वर्षभरानं मोठे साहेब खाली उतरले. आणखी एक पंप येणार होता, त्यावर कोणाला नेमायचं ते आज ठरणार होतं. झिबलला ट्रॉलीतून सुटायचं होतं. फोरमननं हौसेनं प्लास्टिक उतरवलं, तर आत तांबूस खड्डेच खड्डे. फाटलेली वीतभर जागा तेवढी लख्ख होती.

साहेबांनी तिथं बोट टेकवलं. "इथलं प्लास्टिक कोणी फाडलं?"

"मी नाई साहेब," झिबल घाईनं म्हणाला. "फोरमनसाहेबांनीच फाडलं."

"बरं केलं. ओल आत कोंडली की स्टीलही गंजतं. नवा पंपही लांजेवारच बघतील."

लांजेवारनं झिबलकडं एकदा पाहिलं आणि घसा खाकरला. "मी तं सगळंच काढणार होतो साहेब. हाच काढू देत नव्हता."