दोघांच्या गोळ्या

“नवरा नाही गं तो, तुझी दुसरी आईच आहे,” मावशी म्हणाली होती. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ओटीपोटात कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि तो गरम पाण्याची पिशवी घेऊन तिच्या उशाशी बसला होता.

मावशीचं बोलणं तिने जिवापाड जपलं. वर्षं सरली. कूस उजवली नाही, कळा थांबल्या नाहीत, तो मात्र तसाच राहिला. पाय मारून पोट दुखतं म्हणून त्याने तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवून दिली. तिच्या शिवणाच्या दुकानातल्या पोरी हसायच्या, “ताई, असला एखादा आमच्याकडेही धाडा की!” सासू फणकारायची, “पिकायचं सोडून नुसतं दुखतंय मेलं पोट!” तो भरल्या ताटावरून उठायचा. “आई, तिला एक शब्द बोलायचा नाही.” मग तिलाच अपराध्यासारखं व्हायचं. या देवमाणसाच्या पदरात आपण काय घातलं? दुखणं.

आज डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद बाजूला सारले.

“गर्भाशयाच्या नळ्यांना जुनी सूज आहे, जंतुसंसर्गाची. आत सगळं चिकटलंय. सुरुवातीलाच औषध मिळालं असतं, तर नळ्या वाचल्या असत्या.”

“मीच अंगावर काढलं,” ती पुटपुटली. “बाईचं पोट दुखायचंच, असं वाटलं.” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, माफ करा मला.”

त्याने बाजूला सारलेले कागद पिशवीत भरायला घेतले.

“माफी कसली मागता? हा संसर्ग बहुतेकदा नवऱ्याकडून येतो.” डॉक्टरीणबाईंनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. “गोळ्या दोघांनी बरोबरच घ्यायच्या. पुरुषांना पुष्कळदा काही जाणवत नाही, म्हणून ते टाळतात. मग बाईला पुन्हा लागण.”

ती ताडकन उठली. पोटात कळ आली तरी उभीच राहिली. “ह्यांना कशाला गोळ्या? हे तसले नाहीत, बाई! अख्ख्या गल्लीत विचारा!”

“बस खाली,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की तिला वाकून ऐकावं लागलं. “मी घेतल्यात गोळ्या. लग्नाच्या वर्षीच. तुझ्याही दिल्या होत्या डॉक्टरांनी. कशाच्या म्हणून विचारशील, या भीतीने मी त्या गटारात टाकल्या.”