एका श्वासाची चढाई

सामन्याची शेवटची चढाई होती. गोदाक्का आणि तिच्या पाच जणींनी हौसाक्काला पाडलं आणि तिच्या अंगावर लोळणच घेतली. जुन्या नियमांचा खेळ, चढाईला वेळेचं बंधन नाही; आता घाई नव्हती. साठी उलटलेल्या बाईचा दम टिकून टिकून किती टिकणार? तो तुटला की ती बाद, आणि ढाल गोदाक्काच्या गावाला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी," खालून हौसाक्का म्हणत होती.

एक मिनिट झालं. दोन झाली. पंचांनी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. तिनं मध्ये श्वास घेतलेलाच नव्हता.

"अगं, ही बाई आहे का मासा?" गोदाक्काला धाप लागली होती.

"मासा नाही काकू, डॉल्फिन!" बाहेरून हौसाक्काची सून ओरडली.

खडी फोडण्याच्या कामात धुळीनं हौसाक्काची फुप्फुसं निकामी झाली होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्याच पेशींपासून नवी वाढवली, पण घडण डॉल्फिनची. माणूस एरवी एका श्वासात छातीतली थोडीशीच हवा बदलतो, डॉल्फिन जवळजवळ सगळी.

तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. हात सैल पडले, आणि हौसाक्कानं सरपटत जाऊन मधल्या रेघेला बोट लावलं. सहाच्या सहा बाद!

हौसाक्का उताणी पडून खदखदून हसली. मग सवयीनं तिनं पदर तोंडाशी धरला आणि खोकल्याची वाट बघितली.

तो आलाच नाही. म्हणून ती पुन्हा हसली, नुसती खात्री करायला.